जिभेकडची बाजू

दाताच्या डॉक्टरकडे आपण जातो, गुलाबी लगद्याने भरलेला एक पसरट चमचा तोंडात धरून दोन मिनिटं नाकाने श्वास घेतो, आणि आठ दिवसांनी नवा दात बसवून घरी येतो. मधल्या आठ दिवसांत तो दात कोण घडवतं, हे कुणी विचारत नाही.

मुंगी ते काम करायची. एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा, बारीक ब्रश, कोरण्या आणि हातभर उंचीची भट्टी. आतल्या खोलीत ती राहायची. मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती नेहमी साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून मोठ्या भावाने ते ठेवलं होतं. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि त्या नावाने हाक मारणारा तो एकटाच उरला होता.

रोज सकाळी दहाच्या सुमारास पेटीवाले काका सायकलवरून यायचे. शहरातल्या पाच दवाखान्यांतून ते पत्र्याच्या पेट्या आणायचे. पेटीत लगद्यात उमटलेला दातांचा ठसा आणि सोबत कामाची चिठ्ठी असे : पेशंटचा नंबर, वय, कुठला दात, रंग कोणता, कधी हवा. मुंगी ठशात प्लास्टर ओतायची. खालची थरथरणारी पाटी चालू केली की प्लास्टरमधले बुडबुडे वर येऊन फुटत. तासाभराने ठसा सोलून काढला की हातात माणसाच्या दातांचा पांढरा साचा येई. मग त्यावर मेणाचा दात, मग खरा.

पाच दवाखान्यांतले शेकडो लोक तिला दातांनी ठाऊक होते. कोण पेन चावतं, कोण एकाच बाजूने जेवतं, कुणाची अक्कलदाढ आडवी आहे. रस्त्यात मात्र ती कुणालाच ओळखू शकली नसती, आणि तिला ओळखणारंही कुणी नव्हतं.

हे काम तिला उस्तादांनी शिकवलं होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते म्हणायचे, तोंड हवं तेवढं खोटं बोलेल, दात बोलणार नाहीत. झिजलेले साचे समोर मांडून ते समजावून द्यायचे. वरून सपाट झालेले दात झोपेत दात खाणाऱ्याचे. हिरडीपाशी खाच पडलेले, ब्रश घासघासून घासणाऱ्याचे. एकदा त्यांनी तिसराच साचा तिच्या हातात दिला आणि वरच्या पुढच्या दातांच्या मागून, जिभेकडच्या बाजूने, बोट फिरवायला सांगितलं. तिथे दात वापरून संपत आलेल्या साबणासारखे गुळगुळीत झाले होते.

“पोटातलं आंबट सारखं वर आलं की असं होतं,” उस्ताद म्हणाले. “कधी पित्ताने, कधी खाल्लेलं काढून टाकल्याने. माणूस आजारी असतो नाहीतर दुःखी. आपण विचारायचं नसतं. आपण दात करायचा.”

तिने मान हलवली होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिचं स्वतःचं त्याच वर्षी सुरू झालं होतं.

ते असं होतं. दिवसभर ती चहावर राहायची. काम आहे, भूक नाही, मग बघू. संध्याकाळी टेबल पुसून झालं की दार लावायची आणि खायला लागायची. उभ्यानेच, भराभर, चव न घेता, पोट भरून गेल्यावरही थांबता न येता. मग न्हाणीघरात जाऊन सगळं बाहेर काढायची. त्यानंतर चूळ भरून ती आरशात न पाहता दिवा घालवायची, आणि उद्यापासून नाही, असं स्वतःला सांगायची. त्या उद्याला सतरा वर्षं झाली होती. अंगाने ती फार बारीकही नव्हती की जाडही नव्हती, त्यामुळे कुणाला काही दिसत नव्हतं.

दर रविवारी दुपारी दादाचा फोन येई. दादा दुसऱ्या गावात राहायचा. बायको गेल्यापासून तोही एकटाच होता. सुतारकाम करायचा, आणि बोलणं म्हणजे त्याला खिळे मोजून दिल्यासारखं वाटायचं.

“जेवलीस?”

“जेवले.”

“तब्येत?”

“ठणठणीत.”

“बरं. ठेवतो.”

जेवले, हे खोटं नव्हतं; रविवारी काम नसे, मग ते सगळं दुपारीच व्हायचं. त्यात काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर त्याला कधी संशय आला नाही. फोन खाली ठेवला की खोली पहिल्यापेक्षा जास्त गप्प वाटायची.

पाच दवाखान्यांपैकी एक डॉक्टरीणबाईंचा होता. नऊ वर्षं मुंगी त्यांचं काम करत होती, पण त्यांना तिने पाहिलं नव्हतं. त्यांचं अक्षर मात्र तिच्या ओळखीचं होतं. मोठं, सरळ, पाटीवर लिहिल्यासारखं. चिठ्ठीत कामापुरतं लिहून त्या थांबत नसत. ‘आजोबांना कवळी सैल नको, त्यांना शिट्टी वाजवायची हौस आहे,’ असं काहीतरी खाली असायचंच. मुंगी त्या चिठ्ठ्या फेकत नसे.

एका मंगळवारी त्यांच्या पेटीतून एक ठसा आला. वय एकोणीस, मुलगी. मुंगीने प्लास्टर ओतलं, साचा सोलला आणि सवयीने मागून बोट फिरवलं. बोट सरकलं. साबण. पुढचे सहाही दात.

तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘फक्त साचा हवा, दातांवर बसवायच्या टोप्या आता नकोत. आधी पोरगी बरी होऊ दे, उपचाराला जायला लागली आहे. वेळ लागेल. दात काय, नंतरही करता येतील.’

बरी होऊ दे. मुंगी त्या शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. हे बरं होण्यातलं आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आपल्याला एक घाणेरडी खोड आहे आणि ती मरेपर्यंत लपवायची, एवढंच तिने धरलं होतं. आणि कुठलीतरी एकोणीस वर्षांची मुलगी कुणासमोर तरी बसून ते बोलून मोकळी झाली होती.

चार दिवस तिने तो साचा पेटीत घातला नाही. पाचव्या दिवशी गुलाबी लगदा कालवला, चमच्यात भरला आणि स्वतःच्या तोंडात धरला. उस्तादांनी शिकायला म्हणून एकमेकांचे ठसे घ्यायला लावले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. आपलाच साचा ती हातात घेऊन खिडकीपाशी गेली. उजेडात त्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ दिसत होत्या. आणखी थोड्या दिवसांनी त्या तुटायलाच लागल्या असत्या.

तिने चिठ्ठी लिहिली. वय त्रेचाळीस, स्त्री. डॉक्टरच्या नावाची जागा कोरी ठेवली. खाली लिहिलं, ‘हिच्यासाठी काय करता येईल?’ मग दोन्ही साचे एकाच पेटीत कापसात गुंडाळून तिने काकांच्या हाती दिले. काका म्हणाले, “आज पेटी जड आहे गं ताई.”

दोन दिवस ती फोनकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी पेटी परत आली. वरच तिचा साचा होता, पुन्हा कापसात गुंडाळलेला. तो पाहून तिचं अवसानच गेलं. चिठ्ठी बाजूला पडली होती, ती तिने खूप वेळाने उचलली.

‘या आमच्या पेशंट नव्हेत. दुसऱ्या कुणाचं काम चुकून आमच्या पेटीत आलं आहे. ज्या डॉक्टरांचं असेल त्यांना माझा निरोप द्या : नुसत्या टोप्या बसवून या बाईंना घरी पाठवू नका. जेवणानंतर उलट्या होतात का, करता का, ते एकटीला बसवून शांतपणे विचारा. रागावू नका. या फार वर्षांपासून एकट्याच सोसत असणार. निरोप नक्की पोचवा, मी विसरणार नाही.’

निरोप पोचला होता. पण पुढे द्यायला दुसरे डॉक्टर नव्हते. ते दात पाचांपैकी कुठल्याच दवाखान्यातून आलेले नव्हते. मुंगीने नवी चिठ्ठी घेतली, दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा फाडल्या. चिठ्ठीवर लिहिलं की ते कुणाचंतरी काम वाटत होतं. आपलं वाटत नव्हतं.

तिने फोन उचलला.

दवाखान्यातला फोन घेणाऱ्या बाई बोलघेवड्या होत्या. मुंगीचा आवाज ऐकताच त्यांनी कालच्या टोपीचं सुरू केलं. टोपी उंच झाली आहे, पेशंट म्हणतो तोंड मिटत नाही. तोंड न मिटण्याचा आजार आमच्या सासूबाईंनाही आहे, पण त्याला दात कारण नाहीत. बरं, तुमचं कुठलं काम, नंबर सांगा. मुंगी म्हणाली, नंबर नाही, डॉक्टरांशीच बोलायचं आहे. बाई म्हणाल्या, त्या पेशंटमध्ये आहेत, मला सांगा, मी लिहून घेते. मुंगी म्हणाली, थांबते मी.

ती थांबली. फोनमधून कुणाच्या तरी दातावर यंत्र चालल्याची घरघर येत होती. मग ती बंद झाली, पाण्याचा आवाज आला, पावलं आली.

“बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज अक्षरासारखाच होता, सरळ आणि मोठा. “सापडले का त्या साच्याचे डॉक्टर?”

मुंगीने टेबलावरचा आपला साचा हातात घेतला.

“ते दात माझे आहेत,” ती म्हणाली.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, त्या बसल्या असाव्यात. मग डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, “किती वर्षं?”

“सतरा.”

“आणि माहीत कुणाला?”

“तुम्हाला. आत्ता.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “आता नीट ऐका. हे बरं होतं. माझ्याकडे नाही होत, मी दातांची आहे. पण ज्यांच्याकडे होतं त्यांच्यापर्यंत मी तुम्हाला घेऊन जाईन. सोमवारी अकरा वाजता या. आणि हे बघा, पेटी पाठवू नका. स्वतः या.”

सोमवारी ती गेली. नऊ वर्षं जिथे तिने घडवलेले दात जात होते, तिथे ती पहिल्यांदा पुढच्या दाराने आत शिरली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या निघाल्या. तिने त्यांना उंच समजलं होतं. त्यांनी तिचे दात तपासले, झिजेवर तात्पुरता लेप लावला, उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, पाण्याने नुसती चूळ भरा, असं सांगितलं, आणि अशा उलट्यांचा हृदयालाही त्रास होतो म्हणून हृदयाची तपासणी अन् रक्ताची तपासणी लिहून दिली. तिच्या समोरच त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते खाण्याच्या आजारांवर उपचार करायचे. त्यांच्या दारापर्यंत फोनवाल्या बाई तिच्याबरोबर चालत आल्या. तो सगळा रस्ता त्या सासूबाईंबद्दल बोलत होत्या आणि मुंगीला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. इतकं न विचारणं ठरवूनच करावं लागतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. ही खोड नव्हे, आजार आहे, असं ते म्हणाले. दर आठवड्याला भेटायचं ठरलं. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, बसून, थोडं का होईना खायचं. जेवणानंतरचा तास सगळ्यात अवघड जाईल, म्हणाले, त्या तासात एकटं राहू नका. जवळ कोण असतं?

मुंगीने आठवून पाहिलं. सकाळी दहा मिनिटं पेटीवाले काका असतात. त्यापुढे तिला कुणी आठवेना. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, मग शोधू या.

पहिला आठवडा वाईट गेला. दोन दिवस जमलं, तीन दिवस जमलं नाही. रविवारी दुपारी तिने ताट वाढून घेतलं, टेबलाची एक बाजू मोकळी करून, साच्यांच्या शेजारी बसून ती सावकाश जेवली. संपल्यावर हात ताटावरच ठेवून बसली. न्हाणीघराचं दार खुर्चीवरून दिसत होतं.

फोन वाजला.

“जेवलीस?”

“जेवले.”

“तब्येत?”

ठणठणीत हा शब्द तोंडाशी आला होता.

“बरी नाही दादा.”



“काय होतंय?”

“जेवण झाल्यावर तासभर मला एकटीला राहता येत नाही. राहिले की सगळं उलटून टाकते. फार वर्षं झाली. डॉक्टरकडे जायला लागलेय. बाकीचं सांगेन, आज नाही. आज नुसता फोन ठेवू नकोस. बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही.”

दादाने घसा खाकरला. एक कपाट करायला घेतलंय, म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, त्याची दारं बसत नाहीयेत, कारण गिऱ्हाईकाच्या घराची जमीनच तिरकी आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतं कपाट तिरकं आहे. मग त्याने पाण्याची पातळी बघायची नळी कशी लावली ते सांगितलं. लाकूड कुठून आणलं ते सांगितलं. एका फळीत गाठ निघाली, ती कुठल्या बाजूला फिरवली ते सांगितलं. एवढं तो आयुष्यात कुणाशी बोलला नसेल. मधेमधे त्याचं संपायचं, मग तो विचारायचा, “मुंगे, आहेस ना?”

“आहे.”

“बसलीयेस ना?”

“बसलेय.”

“मग बिजागऱ्यांचं सांगतो,” तो म्हणाला.

घड्याळात वीस मिनिटं झाली होती. तिने खुर्ची जराशी फिरवली, दाराकडे पाठ येईल अशी, आणि बिजागऱ्यांचं ऐकू लागली.