पिंगळ्याचा निळा

पन्नास वर्षांत चित्रकथेतल्या पिंगळ्याने इतके कपडे बदलले की सासरी आलेल्या नव्या नवरीनेही हात टेकावेत. आधी पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा होता, तो अर्धा झाला. पाठीवरचा झगा गुडघ्यापर्यंत आला, मग गेलाच. अलीकडे तर कमरेला डझनभर खिसे आले. त्यात काय ठेवतो, देव जाणे. अंगाचा निळा रंग तेवढा कोणी बदलला नव्हता.

तो निळा ही रोझलिन झेलनिकची चूक होती, आणि ती तिला पंचेचाळीस वर्षं बोचत होती.

पिंगळा चित्रकार मॉर्टन झेलनिकने जन्माला घातला, तोही काळाकुट्ट. मॉर्टनचे वडील न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये घरोघर कोळसा पोचवायचे, त्यांच्या अंगाचा तो रंग. पण स्वस्त कागदावर नुसतं काळं छापलं की गोळा होतो, म्हणून शाई भरणारा चकाकीसाठी बारीक पट्टे कोरे सोडायचा आणि त्यात निळा जायचा. बावीस वर्षांची रोझलिन रंग भरायला नवीन लागली होती. तिला वाटलं, अंग निळं आणि काळी ती सावली. तिने निळा ऐसपैस फासला. अंक छापून आला, वाचकांना आवडला, कोणी ब्र काढला नाही. दोन वर्षांनी मॉर्टनने तिच्याशी लग्न केलं, तेव्हाही नाही. त्याच्या बापाचा रंग आपण पुसला, हे तिला सांगता आलं नाही. आता त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पन्नाशीच्या अंकाचं मुखपृष्ठ मूळ वेशात करायचं ठरलं आणि संपादक लीलंड ब्रँटने रंगासाठी तिलाच बोलावलं. तिने सरळ सांगून टाकलं, मूळ वेश काळा होता, निळा माझा घोळ आहे. डोळे साथ देताहेत तोवर मला तो निस्तरायचाय.

लीलंड तिशीतला, हसतमुख. "बाई, निळ्यावर लोक जीव टाकतात. काळा केला तर मला फाडून खातील."

"खाऊ देत. तुझ्या अंगावर मांस आहे भरपूर."

तो हसला, पण जुन्या मूळ पानांचं खोकं काढून आणलं. पानांवर काळा दिसला तर काळा, असं ठरलं.

पहिल्या पाच वर्षांची पानं शाईने ओथंबलेली होती. तिच्या चुकीनंतरचीही दोन महिन्यांची तशीच, कारण निळा अंक छापून येण्याआधीच ती काढलेली. मग पान उलटलं आणि रोझलिन थबकली. काळं ओसरलं होतं. पुढच्या अंकात काखेखाली तेवढी सावली उरली होती, बाकी अंग कोरं. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपल्याच कुंचल्याने काळ्यावर अतिक्रमण केलं. पण इथे काळं भरलंच नव्हतं.

पानाच्या कडेला मॉर्टनचं शिसपेन्सिलीतलं अक्षर होतं, शाईवाल्यासाठी. तिच्याकडे रंगाला यायच्या त्या लहान केलेल्या प्रती, कडा कापलेल्या. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

लीलंडने वाचलं, "काळं भरू नकोस. नव्या मुलीचा निळा दिसू दे. माझ्या कोळशापेक्षा बरा आहे."

रोझलिनला रडू आलं, आणि रागही आला. "लबाड माणूस. एवढी वर्षं एका ताटात जेवला आणि बोलला नाही."

"तुम्ही तरी कुठे बोललात, बाई?"

तिने डोळे पुसले, पान नीट सरळ केलं.

थोड्या वेळाने लीलंडने हळूच विचारलं, "मग काळा करायचा ना? पहिली पानं तर काळीच आहेत. शब्द दिलाय मी."

"नको," ती म्हणाली आणि निळ्याची बाटली पुढे ओढली. "त्याने माझ्या निळ्याला दिलेली जागा परत कशाला करू?"