काढला म्हणेपर्यंत

आमच्या काकांनी अख्ख्या गावाचा पुतळा करून ठेवलाय, आणि याबद्दल त्यांना आजवर कुणी साधं विचारलेलंही नाही.

काकांचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, एक निळा पडदा, एक फिरकं स्टूल आणि दोन दिवे. त्यातला एक दिवा मनात आलं तरच लागतो. गावातल्या प्रत्येकाचा पहिला फोटो काकांनी काढलाय आणि बऱ्याच जणांचा शेवटचाही. पद्धत ठरलेली. आधी "मान सरळ." मग "हलू नका." मग "श्वास धरा." त्यानंतर काका कॅमेऱ्यामागे वाकतात, एक डोळा मिटतात आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग क्लिक. मग तो शब्द: "काढला!"

हा शब्द कानावर पडल्याशिवाय आमच्याकडे कुणी श्वास सोडत नाही. एकदा ऐन फोटोच्या वेळी काकूंनी जेवायला हाक मारली. काका गेले, जेवले, जरा आडवेही झाले. परत आले तेव्हा नवरा, नवरी आणि दोन्हीकडची मंडळी जशीच्या तशी उभी होती. नवरीच्या आत्याबाई तेवढ्या किंचित निळ्या पडल्या होत्या. फोटो मात्र अप्रतिम आला, आणि ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे आत्याबाईंचा रंगही कळत नाही.

गावात काकांना 'हलूनका' म्हणतात. मी हलूनकाची पुतणी. मला तो स्टुडिओ हवा होता आणि काका तो शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याला द्यायला निघाले होते.

"माझे गुडघे बोलायला लागलेत," काका म्हणाले. "आता बास."

"मग मी चालवते."

"तू? तुझे फोटो हललेले असतात."

"हललेले नसतात काका. माणसं चालत असतात."

"चालत्या माणसाचा फोटो काढायचाच कशाला? पोचू दे त्याला. पोचला की काढावा."

यावर उत्तर काकूंनी दिलं. त्यांच्याकडे ते असतंच.

"पोरगी एवढी मागे लागलीये तर द्या की. कव्हरवाला काय तुमचा जावई लागतो?"

काकांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे अट येणार. वाचनालयाच्या बाईंनी मला हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लावायची परवानगी दिली होती, गावातली रोजची माणसं, रोजची कामं. काका म्हणाले, "त्यातला एक तरी फोटो कुणी स्वतःहून घरात लावायला मागितला, तर शटरची किल्ली तुझी. नाही मागितला, तर कव्हरवाल्याची. आणि घरची माणसं धरायची नाहीत." हे शेवटचं काकूंकडे बघून.

मी पहाटेच बेकरीत गेले. बेकरीवाला भुवयांपर्यंत मैद्यात माखलेला, भसाड्या आवाजात गात भट्टीतून ट्रे ओढत होता. असा माणूस शोधून सापडत नाही. मी कॅमेरा उचलला. त्याला दिसला. गाणं मधल्याच सुरावर तुटलं, मान सरळ झाली, छाती पुढे आली आणि ट्रे हवेत थांबला. पासपोर्टच्या फोटोत ट्रे चालत असता तर हा लगेच चालला असता. मी हिरमुसून एक फोटो काढला आणि निघाले.

कोपऱ्यावर पोचले तोवर करपल्याचा वास आला. धावत परत गेले. बेकरीवाला तसाच उभा. भट्टीतून धूर येतोय, त्याच्या कपाळावरून घाम ओघळतोय, आणि त्याची बायको माझ्यावर ओरडतेय, "अगं बाई, तो शब्द बोल ना!"

"काढला!" मी किंचाळले.

बेकरीवाल्याने चाकातून हवा जावी तसा श्वास सोडला. "एवढा वेळ? तुझे काका बरे की मग!"

न्हाव्याच्या दुकानातही तेच. वस्तरा हवेत, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक ताठ, आरशातले दोघेही ताठ. टेलर तोंडात टाचण्या धरून गोठला, आणि मी "काढला" म्हटल्यावर इतक्या जोरात सुटला की टाचण्या समोरच्या कोटात जाऊन बसल्या. नेमक्या खांद्याच्या शिवणीवर. टेलर म्हणाला, इतकं सरळ टाचण मला आयुष्यात जमलं नाही, उद्या पुन्हा ये.

मग मी लपून बघायचं ठरवलं. भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीखाली जाऊन बसले. वर वांग्यांवरून छान भांडण चाललं होतं. मी हळूच कॅमेरा बाहेर काढला, तर मावशींचा आवाज आला, ओठ न हलवता काढतात तसला: "ताई, गाडीखाली हलूनकाची पुतणी बसलीये. तेवढं सरळ उभं राहा. भांडण नंतर."

असे सगळे फोटो जमले. प्रदर्शन रविवारी सकाळी होतं; शनिवारी संध्याकाळी मी ते हॉलच्या भिंतीवर टांगले. एकेका खिळ्याला एकेक पुतळा. काका हात मागे बांधून सावकाश सगळं बघून आले.

"वा," ते म्हणाले. "एकही हललेला नाही. मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढं असेल."

इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. हे फोटो कोण मागणार? हाच चेहरा, हीच मान प्रत्येकाच्या घरात आधीच टांगलेली होती. ट्रे तेवढा नवा. घरी जाताना स्टुडिओवरून गेले, तर कव्हरवाला टेप घेऊन शटरचं माप काढत होता. मला बघून हसला. तो बिचारा सगळ्यांनाच बघून हसतो, पण त्या संध्याकाळी मला ते लागलं.

आता जे झालं ते वाचनालयाच्या शिपाई मामांमुळे झालं. बाईंनी मामांना जाताना सांगितलं होतं, "मामा, उद्या सकाळी सगळे आले की लगेच फोटो काढायचेत. उंच स्टूल लागेल." बाईंच्या डोक्यात होतं की मी स्टुलावर चढून सगळ्यांचा एकत्र फोटो काढणार. मामांच्या डोक्यात काय आलं हे कुणी विचारलं नाही. मामा शब्दाचे पक्के आहेत. कुठल्या शब्दाचे, एवढाच प्रश्न असतो.

सकाळी मला उशीर झाला, कारण मी स्टुडिओच्या पायरीवर बसून आतल्या फिरक्या स्टुलाचा मनातल्या मनात निरोप घेत होते. तोवर हॉल भरला होता. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून आलेले. आणि सगळे आल्याबरोबर मामांनी स्टूल मांडलं, वर चढले आणि भिंतीवरचे फोटो काढायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, प्रदर्शनाची अशीच रीत असेल. बेकरीवाल्याने तर स्टूल धरलं. टेलरने सुतळी दिली. शेवटचा फोटो गठ्ठ्यात गेला आणि मी दारात पोचले, गळ्यात कॅमेरा.

कॅमेरा दिसताच अख्खा हॉल गोठला. बोलणारे बोलता बोलता, खोकणारे खोकता खोकता. समोरच्या भिंतीपाशी काका उभे होते, तेही ताठ, छाती पुढे, डोळे वटारलेले. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या पलीकडे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच अलीकडे आला होता आणि स्वतःच्याच शिकवणीने गार झाला होता.

त्या शांततेत मला भिंत दिसली. नुसते खिळे.

"मामा," मी विचारलं, "माझे फोटो?"

मामा स्टुलावरून खणखणीत आवाजात म्हणाले, "काढले! सगळेच्या सगळे काढले!"

आणि हॉलने श्वास सोडला. टेबलावरची वर्तमानपत्रं फडफडली. माना सैल झाल्या, पोटं आपापल्या जागी आली. भाजीवाल्या मावशींनी चप्पल काढून पाय चोळायला घेतला. मग सगळ्यांची नजर रिकाम्या भिंतीवर गेली.

"अहो, मामांनी काढले म्हणजे... काढलेच की!" न्हावी म्हणाला आणि हसत खाली बसला.

"हा माझा खिळा होता," टेलर भिंतीकडे धावला.

"तुमचा तिकडे, दाराशी. हा माझा," बेकरीवाला म्हणाला.

"हा वाकडा आहे."

"म्हणूनच तर तुमचा नाही! मी मघाशी वाकवून ठेवलाय, ओळखायला!"

"खिळ्याला कसला तोरा!" मावशी म्हणाल्या. "माझा बघा, भिंतीतून पडायला आलाय. एवढं वजनदार बाईमाणूस टांगलं होतं."

काका हसत होते. आवाज न करता, डोळे मिटून, एक हात भिंतीला आणि एक पोटाला लावून. काकांना दाढा आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

माझं बोट आपोआप चाललं. क्लिक. कुणी वळलं नाही. पुन्हा क्लिक. फोटो तर काढून झाले होते ना! शब्द उच्चारला गेला होता, माणसं सुटली होती. आता कॅमेरा म्हणजे नुसता एक डबा. मी खिळ्यांवरून भांडणारे काढले, हसून हसून उचकी लागलेला न्हावी काढला, स्टुलावर अजून अभिमानाने उभे असलेले मामा काढले.

"अगं, झाले ना काढून?" मावशींनी हटकलं. "आता कशाला नाचवतेयस ते?"

"पुसतेय," मी म्हटलं.

धावत स्टुडिओत गेले; कव्हरवाला आत मापं घेत होता म्हणून शटर उघडंच होतं. प्रिंट काढल्या. आणि नवल म्हणजे तो मनात आलं तरच लागणारा दिवा लागला. कव्हरवाल्यानेच गरम गरम प्रिंट हातात धरून हॉलपर्यंत आणल्या. "बेकरीवाल्याचा कव्हरवर झकास दिसेल," तो म्हणाला. पण कव्हर म्हणजे घर नव्हे.

प्रिंट त्याच खिळ्यांवर चढल्या. लोक पुढे आले.

"हा मी नाही," बेकरीवाला म्हणाला. "मी असा दिसत नाही."

"असेच दिसता," बायको म्हणाली. "घरी."

टेलर स्वतःच्या दातांकडे संशयाने बघत होता. मावशींनी फोटोतला चप्पल नसलेला पाय पदराने झाकायचा प्रयत्न केला. मागायला कुणीच पुढे येईना.

काका स्वतःच्या फोटोसमोर उभे होते.

"हललाय," ते म्हणाले.

"हो."

"डोळे मिटलेत."

"हो काका."

काकू त्यांच्या शेजारी आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "बघायला आला होतात तेव्हा तुम्ही असे हसला होतात. मला वाटलं, नंतर कुठे हरवला हा माणूस."

काकांनी चष्मा काढला, पुसला. "याची मोठी प्रत करून दे. बाहेरच्या खोलीत लावायची आहे."

"घरची माणसं धरायची नाहीत ना?" काकूंनी लगेच पकडलं.

"मी गिऱ्हाईक म्हणून बोलतोय," काका म्हणाले.

मग काय विचारता! गिऱ्हाईक क्रमांक एकच्या मागे झुंबड उडाली. बेकरीवाल्याच्या बायकोला तर दोन हव्या होत्या, एक घरात आणि एक नवरा पुन्हा ताठ झाला की दाखवायला.

काकांनी खिशातून शटरची किल्ली काढली, पुढे केली आणि तसेच थांबले. मान सरळ, छाती पुढे.

"द्या ना," मी म्हटलं.

"आधी फोटो काढ," काका ओठ न हलवता म्हणाले. "असा प्रसंग परत येत नाही."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काकांनी श्वास धरला. मी काही न करता म्हटलं, "काढला!"

काकांनी श्वास सोडला, खांदे पडले, चेहरा उजळला, हातातली किल्ली निसटून काकूंच्या पायावर पडली, काकू ओरडल्या आणि दोघंही खाली वाकली ती एकमेकांवर डोकी आपटून हसायलाच लागली.

मग मी क्लिक केलं. इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं की क्लिक नंतर झालं. पण काका झाले तरी शेवटी आमच्याच गावचे.