ओली माती उडत नाही

तोकुजीनं पोतं उचललं आणि उरलेली सगळी माती कियोएच्या टेबलावर ओतली. टेबलावर तिचा चहा होता, पावतीपुस्तक होतं, अर्धी खाल्लेली काकडी होती.

"बघ! याला वाळलेली माती म्हणतात का?"

कियोएनं आधी काकडी वाचवली. पन्नाशीची बाई, बापामागं मातीची वखार एकटीनं चालवत होती. अशी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. पण तोकुजी गिऱ्हाईक नव्हता. त्यानं याच वखारीत एक्केचाळीस वर्षं काढली होती आणि तिच्या लहानपणी तिला खांद्यावर बसवून चाळणीपाशी नेलं होतं.

"काका, आधी बसा. उन्हातून आलात."

"बसायला नाही आलो. तुझा बाप असता तर त्यानं असली ओली माती पोत्यात भरू दिली असती? बाप गेला आणि वखारीचं नाव बुडालं!"

जपानातल्या या कानुमा गावात एखाद्याच्या मातीला ओली म्हणणं म्हणजे गवळ्याला 'दुधात पाणी घालतोस' असं तोंडावर सांगणं. चाळणीवर बसलेल्या दोन बायकांचे हात थांबले.

आणि हे तोकुजीनं म्हणावं, म्हणजे तर निकालच लागला. कुंड्यांसाठी विकली जाणारी या गावची पिवळी माती शेताखालून निघते ती ओलीगच्च, भिजवलेल्या मूगडाळीसारखी. ती प्लास्टिकच्या मांडवात उन्हाला पसरायची. वाळत गेली की पांढरी पडते. लवकर भरली तर पोत्यात तिचा चिखल होतो, उशिरा भरली तर चुरून भुकटी. भरायची नेमकी वेळ कोणती, हे काम सोडेपर्यंत तोकुजीच सांगत आला होता. बाकीचे लोक आत जाऊन मूठभर माती घ्यायचे, चोळायचे, एकमेकांना विचारायचे. तोकुजी हात पाठीमागं बांधून मांडवाच्या दारात उभा राहायचा. एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "आणखी अर्धा तास." तो कधी वाकला नाही, कधी मातीला हात लावला नाही. सगळे त्याला 'दारातला तोकुजी' म्हणत. राग आल्यासारखं तो दाखवायचा, पण नाव मनातून फार आवडायचं.

घरी मात्र त्याच्या बायकोला, फुसाएला, या नजरेचं कौतुक नव्हतं. तिचं सात्सुकीचं एक फुलझाड होतं, कुंडीतलं, माहेरून फांदी आणून तिनं वाढवलेलं. चाळीस वर्षांत त्याचं खोड मनगटाएवढं झालं होतं, उंची मात्र गुडघ्याच्या वर जाऊ दिली नव्हती. वर्षातून एकदा, मे महिना सरताना, त्याला पांढरीशुभ्र फुलं यायची. फुसाए रोज सकाळी कुंडीत बोट खुपसून ओल बघायची आणि बोट एप्रनला पुसायची.

"देवानं डोळे दिलेत ना तुला?" तोकुजी म्हणायचा. "पांढरी दिसली की पाणी द्यायचं, पिवळी दिसली की नाही द्यायचं. त्यात बोट कशाला?"

"तुम्ही बघा, मी विचारते," असं म्हणून ती झारी उचलायची.

ती जाऊन दोन वर्षं झाली. झाड तोकुजीकडं आलं. या मार्चमध्ये त्यानं स्वतः त्याची माती बदलली, याच वखारीतलं पोतं आणून. आणि तेव्हापासून कुंडीतली माती पांढरी पडायचं नावच घेईना. दोन दिवस वाट पाहा, तीन दिवस पाहा, आपली पिवळीच. मग तो कीव आल्यासारखं ओगराळंभर पाणी घालायचा. मे महिन्यात फुलं आली तीसुद्धा पांढरी वाटली नाहीत, जुन्या कागदासारखी वाटली. झाडाला फुसाएची आठवण येत असेल, असं त्याला वाटलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आता पानं वळायला लागली होती, टोकं करपली होती. माती पाणी धरून ठेवते आहे, मुळं कुजताहेत, दुसरं काय असणार?

"मला तांबडी माती दे," तोकुजी म्हणाला. "आजच झाड उपटतो आणि तांबडीत घालतो."

"तांबडीत? सात्सुकीला?" कियोए खुर्चीतून उठली. "काका, ते काय पाईन आहे? कानुमाच्या माणसानं सात्सुकी तांबड्या मातीत घातली तर आमचे बाबा थडग्यातून उठून येतील. आणि ऑगस्टात मुळं उघडी करणार? आठ दिवसांत सरपण होईल त्याचं!"

"नाहीतरी मरतंयच!" तोकुजीचा आवाज फाटला. "दहा दिवसांवर पितरांचे दिवस आलेत. फुसाए घरी येईल. तिला काय दाखवू? काटक्या?"

असं म्हणून त्यानं टेबलावरच्या ढिगावर मूठ आपटली. मातीचा असा लोट उठला की कियोएचा चष्मा आंधळा झाला आणि तोकुजीला एकामागून एक चार शिंका आल्या.

कियोएनं चष्मा काढून पुसला. तिला बरंच काही बोलता आलं असतं. बापाचं नाव काढलं होतं त्यानं, दोन बायकांदेखत. पण ती नुसतं त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "ओली माती उडते का?"

तिनं मूठभर माती उचलून त्याच्या तळव्यावर ठेवली. चुरमुऱ्यासारखी हलकी होती. बोटांत धरताच कुरकुरली. एक्केचाळीस वर्षांत त्यानं आपल्या हाताला कधी काही विचारलं नव्हतं. आज हात न विचारताच सांगत होता, कोरडी ठाक आहे. आणि डोळे सांगत होते, पिवळी आहे.

"तुम्हाला कुठला रंग दिसतो?" तिनं चाळणीवरच्या बायकांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं.

"पिवळा."

"मला पांढरा दिसतो. आमच्या आईला पांढरा भात पिवळा दिसायचा. मला म्हणायची, जुना तांदूळ आणलास. मोतीबिंदू निघाला."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. तोकुजीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट शिरली.

"म्हणजे कुजत नव्हतं ते," तो म्हणाला. "तहानलं होतं. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि ते तहानलं होतं."

कियोएनं टेम्पोची किल्ली उचलली.

झाड परसात दगडी ओट्यावर होतं. दोघांनी मिळून कुंडी उचलली, तेव्हा वजन इतकं कमी निघालं की तोकुजी मागच्या मागं पडणार होता. टबात पाणी भरून त्यांनी अख्खी कुंडी बुडवली. वरचे मातीचे दाणे पाण्यावर तरंगायला लागले. मग तळातून बुडबुडे सुटले. कितीतरी वेळ ते येत राहिले. दोघं टबाच्या कडेला उकिडवी बसून ते बघत राहिली.

"जुलैभर पाऊस होता म्हणून टिकलं असेल," कियोए म्हणाली.

"टिकलंय कशावरून?"

तिनं एक बारीक फांदी धरली आणि नखानं साल किंचित खरवडली. तोकुजीनं मान पुढं केली आणि मग स्वतःच मागं घेतली. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची त्याची छाती होईना.

"रंग सांग," तो म्हणाला.

"हिरवा."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

"हिरवा आहे काका. आपल्या लसणीच्या पातीसारखा. थांबा, खालची बघते… हीही हिरवी. ही एक वाळलीय. पण ही हिरवी."

तोकुजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं आणि तो लहान मुलासारखा रडला. कियोए पाण्यातले बुडबुडे मोजल्यासारखं करत राहिली.

मग डोळे पुसून तो म्हणाला, "वखारीचं नाव बुडालं म्हणालो मी."

"म्हणालात."

"परत घेतो. त्या दोघींसमोर येऊन घेतो."

"या. आणि टेबलही पुसून द्या."

पितरांच्या दिवसांत तोकुजीची मुलगी सायोको आली. झाडानं तोवर निम्मी पानं टाकली होती, पण उरलेली ताठ होती. तोकुजीनं ते देव्हाऱ्यातल्या फोटोसमोर ठेवलं आणि झाल्या प्रकाराची कबुली दिली. सायोको त्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. सप्टेंबरात एक डोळा झाला, ऑक्टोबरात दुसरा. पट्टी सुटली त्या दिवशी तोकुजी घरभर हिंडला आणि कपाळाला हात लावत राहिला.

"कॉलर बघ माझी! भिंती बघ! एवढी घाण होती आणि तू बोलली नाहीस?"

"दहादा बोलले," सायोको म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, देवानं मला डोळे दिलेत."

वर्ष फिरलं. मे महिना सरता सरता झाडाला फुलं आली. अकराच आली, पण पांढरी. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी पांढरी. तोकुजीनं एक फूल फोटोपाशी ठेवलं आणि म्हणाला, "मागच्या वर्षीही पांढरीच होती म्हणे. मलाच दिसली नाहीत." तुझ्या आठवणीनं झाड कोमेजलं असं वाटलं होतं, हे सांगायची आता गरज नव्हती. त्याला आतून मोकळं वाटलं.

फुलं बघायला आलेली सायोको सकाळी मागच्या दारात चहा घेऊन आली तेव्हा तो कुंडीत बोट खुपसून उभा होता.

"बाबा, आता तर स्वच्छ दिसतं ना?"

"दिसतं की. पांढरी आहे वरून."

"मग बोट कशाला?"

"विचारतोय," तोकुजी म्हणाला. "आत ओल आहे. आज नको म्हणतंय."

त्यानं बोट बाहेर काढलं. दाराशेजारी खिळ्याला फुसाएचा निळा एप्रन होता, तिनं शेवटचा अडकवला तसाच. हात पुसायला त्यानं तो ओढला आणि त्याला त्यावरचे डाग दिसले. उजव्या बाजूला, कमरेपाशी, वाळलेल्या मातीचे फिके, बोटाएवढे पुसट पट्टे, एकावर एक.

त्यानं एप्रन सोडून दिला आणि बोट आपल्या विजारीला पुसलं.