डिंक लावलेले दशक

मी एक जुना गट आहे, मित्रांनो. मालवण तालुक्यातल्या शहाऐंशी शिक्षकांच्या फोनमध्ये मी राहतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि स्वस्थताही...

थांबा. कोणीतरी काहीतरी टाकले.

फूल. सुप्रभात.

हां. तर शाळा बंद होत्या त्या वर्षी सुशांत सरांनी मला तयार केले. देवबागच्या सरांना जे जमले ते धामापूरच्या बाईंना कळावे, एवढ्यासाठी. तेव्हा मी फार कामाचा होतो. कोणी घावणे कापून अपूर्णांक शिकवी, कोणी होडीचा नांगर दाखवून वजन.

मग शाळा उघडल्या आणि माझ्यात फोटो आले. सजवलेल्या भिंती. टाळ्या. अंगठे. मला टाळ्या आवडू लागल्या, खोटे कशाला बोलू?

धामापूरकडच्या किशोरी बाईंनी दशक शिकवण्यासाठी माडाच्या हिरांचे, म्हणजे झावळीतल्या काड्यांचे, दहा-दहाचे गठ्ठे केले. वर रंगीत कागद, सोनेरी पट्टी. चौसष्ट टाळ्या!

आणि गुरुवारी त्याच बाईंनी लिहिले:

'दुसरीतली शिवांगी ४२ मधून १७ वजा करताना ३५ च लिहिते. आज तिने पाटी लपवली. गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणते. शनिवारी मागे पडलेल्या मुलांची यादी द्यायची आहे. तिचं नाव घालायला हात धजत नाही. काय करू?'

पण त्या दिवशी एका साहेबांचा वाढदिवस होता.

शुभेच्छा. शुभेच्छा. केक. शुभेच्छा.

प्रश्न वर वर सरकत गेला. मला तो धरून ठेवता येईना. मी नुसता वाजत राहिलो.

दुपारी हरिश्चंद्र गुरुजींचा आवाज आला. निवृत्तीला आलेला माणूस, कधी फोटो टाकत नाही.

"बाई, तुमचो गठ्ठो फोटोत बरो दिसता. पण त्या चेडवाक, शिवांगीक, तो सोडूक येता काय?"

किशोरी बाई लिहीत आहेत...

किशोरी बाई लिहीत आहेत...



मग: 'सुटत नाय, गुरुजी. डिंक लावलंय.'

"मगे बाई, चौसष्ट टाळ्ये परत करा!" मंगेश सर म्हणाले.

"हसतंस काय रे मंगेश? तुझे सुटतत?" गुरुजींनी विचारले.

 मंगेश सरांनी हळूच लिहिले: 'माझे पण चिकटवलेलेच आसत.' मग आणखी तिघे. मित्रांनो, हे सगळे गठ्ठे माझ्यासाठी चिकटवले होते. फोटोत नीट दिसावेत म्हणून.

शुक्रवारी एक वाकडा फोटो आला. फाटलेला कागद, डिंकाचे डाग, जमिनीवर पसरलेले हीर. दोनातून सात जाईनात, म्हणून एक गठ्ठा शिवांगीने स्वतः फोडला होता. पाटीवर ४२ मधून १७ गेले, राहिले २५. सोबत तिचा आवाज:

"बाई, आणि एक गणित घाला मां!"

यादीत तिचे नाव गेले नाही.

मित्रांनो, तुम्हाला शिकवणारी माणसेही अडतात. अडले की विचारतात. त्यांचा प्रश्न वर सरकून जाऊ देऊ नये, एवढेच माझे मागणे.

आत्ताच समीक्षा बाईंनी लिहिले आहे: 'माझा एक मुलगा वाचताना रडतो. काय करू?'

सात जणांनी वाचले.

अकरा.

एकोणीस.

अहो, कोणीतरी लिहा.