अंगठ्याचा खड्डा

एकनाथकाका १९६६मध्ये मिशिगनला आले ते इंजिनिअर व्हायला, आणि झाले व्यावसायिक गोल्फर! आमच्या नोव्हायच्या मराठी मंडळात असा नमुना दुसरा नाही. गेली तीन वर्षं ते मला शिकवत होते. फक्त मला. मग या एप्रिलमध्ये, २००६ला, नागपूरहून उत्तरा आली.

"काय मनगट आहे पोरीचं!" काका पहिल्याच दिवशी म्हणाले. मला तीन वर्षांत 'बरंय'च्या पुढे काही मिळालं नव्हतं. जळून कोळसा झाले मी, खरंच सांगते.

त्यात काकांनी जाहीर केलं, "शनिवारी दोघी नऊ होल खेळा. जिंकेल तिला माझा पटर. आणि बरोबरी झाली तर उत्तराला, ती नवीन आहे."

नवीन म्हणे! बॉल होलमध्ये ढकलायच्या ज्या काठीने, म्हणजे पटरने, काका स्पर्धा खेळले, ज्याच्या चामडी मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खड्डा पडलाय, तो मला हवाच होता.

आठ होलनंतर आम्ही बरोबरीत. नवव्यावर उत्तराला पाच फटके लागले. माझे तीन झाले होते आणि बॉल होलपासून वीतभर. चौथ्यात घातला की एक फटका कमी, म्हणजे पटर माझा! मी नाचतच पुढे गेले आणि माझा पाय बॉलला लागला. बॉल बोटभर सरकला.

गोल्फमध्ये बॉल चुकून हलला तरी एक फटका दंड, आणि तो आपणच कबूल करायचा. उत्तरा कार्डावर लिहीत होती. काका लांब होते. कुणी पाहिलं नव्हतं.

पण मी वाकून बॉलला हात लावून नमस्कार करून मोकळी झाले होते! पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसा.

उत्तराने नेमकं तेव्हाच वर पाहिलं. "पाय लागला का गं?"

"...हो. हलला पण. एक वाढव."

बॉल जागेवर ठेवून आत घातला. पाच. बरोबरी.

काका आले आणि ऐकून खो खो हसत सुटले. "फ्लिंट शहरात मीही भर स्पर्धेत बॉलला नमस्कार केला होता. एका फटक्याने हरलो."

"मग गप्प बसायचं ना, काका!"

"तू बसलीस?"

पटर उत्तराने नेला. मी टाळ्याही वाजवल्या, यार. पण त्या खड्ड्यात तिचा अंगठा नुसता घसरतो. माझा बरोब्बर बसतो. मी गुपचूप ठेवून पाहिलाय.