कारण गुलदस्त्यात

प्रत्येक इमारतीत सगळं काही ठाऊक असलेला एक माणूस असतोच. तुमच्या इमारतीत तो कोण, हे चटकन आठवत नसेल, तर तो बहुधा तुम्हीच असाल. रागावू नका, पुढे वाचा.

या गोष्टीतल्या इमारतीत तो मान फळाकाकांकडे होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर आता सकाळी काय करायचं, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांच्या बायकोला तो त्यांच्याही आधी पडला होता. जिन्याखाली टपालपेट्यांच्या शेजारी एक काळा फळा होता. त्यावर वर्षानुवर्षं ‘आज पाणी येणार नाही’ एवढंच साहित्य प्रसिद्ध होत असे. काकांनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि खडूने तीन रकाने पाडले: इतिहासातील गंमत, ताजी बातमी, सुखी जीवनाचे सूत्र.

लोकांना ते फारच आवडलं. मांजराला घाबरून पलंगावर चढून बसणारा राजा, दोन भावांच्या भांडणात चुकीच्या बाजूला बांधली गेलेली भिंत, रोज मनापासून हसल्याने टळणारे आजार... कामावर जाणारी माणसं चपला अडकवता अडकवता फळा वाचत आणि दुपारी ऑफिसात हीच माहिती स्वतःची म्हणून खपवत. राजे सगळे मेलेले असल्यामुळे तक्रार करायला कोणी येत नसे. काका अधूनमधून राजांना थोडं तिखटमीठ लावत, तेही चालून जाई.

अडचण मधल्या रकान्याची होती. आपली म्हणावी अशी बातमी इमारतीत रोज घडत नाही. लोक जन्मतात, लग्नं करतात, पण फळ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे करत नाहीत.

अशाच एका कोरड्या सकाळी काका खडू हातात घेऊन उभे असताना तळमजल्यावरच्या पाळणाघराकडे त्यांचं लक्ष गेलं. दाराला ‘आज बंद’ची पाटी होती. तोंडाला मास्क बांधलेली दोन माणसं बादल्या घेऊन आत शिरली आणि दार लावून घेतलं. काकांचे डोळे चमकले. पुढच्याच मिनिटाला मधल्या रकान्यात सुबक अक्षरात मजकूर उमटला:

‘तळमजल्यावरील पाळणाघर आज अचानक बंद! तोंड झाकलेली माणसे आत शिरताना दिसली. कारण गुलदस्त्यात. पालकांनी योग्य ती काळजी घ्यावी.’

उजवीकडच्या रकान्यात त्या दिवशीचं सूत्र होतं: ‘शेजाऱ्यांशी प्रेमाने वागा.’

ही बातमी जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर तिला पुरळ उठलं. दुसऱ्यावर ताप भरला. तिसऱ्यावर आरोग्य खात्याने पाळणाघराला टाळं ठोकलं. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत एक मूल इस्पितळात दाखल झालं होतं. ते मूल कोणाचं, हे मात्र एकालाही सांगता येत नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला ते दुसऱ्याचं वाटलं आणि काळजी आणखीच वाढली.

दुसऱ्या दिवशी पाळणाघर उघडलं, पण मुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मुलांच्या आयांनी रजा टाकल्या, आज्यांना गावाहून बोलावणी गेली. खुद्द काकांची सून ऑफिसला न जाता मुलीला कडेवर घेऊन घरात येरझाऱ्या घालू लागली.

“अगं, तू का घरी?” काकांनी विचारलं.

“बाबा, तुमच्याच फळ्यावर वाचलं ना!” सून म्हणाली. “आज साहेबांनी फोनवर सुनावलं, रजा संपलीय म्हणून. मी तरी काय करू?”

आपला फळा घरातही वाचला जातो, याचा काकांना आधी अभिमान वाटला. मग काहीतरी टोचलं. काय टोचतंय, ते त्यांनी खोलात जाऊन पाहिलं नाही.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर पाळणाघरवाल्या ताई उभ्या होत्या. नातीची छोटी उशी आणि पाण्याची बाटली त्यांनी काकूंच्या हातात दिली.

“काकू, हे राहिलं होतं. महिनाअखेर बंद करतेय मी. घरमालक म्हणतात, इमारतीचं नाव खराब होतं, खोली सोडा.”

“बंद? आणि झालं तरी काय गं त्या दिवशी?” काकू म्हणाल्या.

“काय व्हायचंय? भिंतींना ओल आली होती, ती खरवडून घेतली. म्हटलं, आता रंगवायच्याच आहेत तर भिंतींवर प्राण्यांची चित्रं काढून घेऊ, पोरं खूश होतील. आता प्राणी जवळजवळ झाले काढून. बघायला पोरं नाहीत.”

काका वर्तमानपत्राच्या आड गेले. ताईंनी तिकडे पाहिलं नाही आणि जिना उतरून गेल्या.

दार लागताच काकू वळल्या. “अहो, ते खाली ठेवा. उलटं धरलंय.”

“हे बघ,” काका सावरून बसले, “मी एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाही. पाळणाघर बंद होतं की नव्हतं? होतं. माणसांची तोंडं झाकलेली होती की नव्हती? होती. काळजी घ्या म्हणणं हा काय गुन्हा आहे?”

“वाक्यं सगळी खरी आहेत,” काकू शांतपणे म्हणाल्या, “मजकूर खोटा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे, उद्या मी फळ्यावर लिहिते: ‘फळाकाका काल दुपारी घराबाहेर दिसले. सोबत एक अनोळखी बाई होती. कारण गुलदस्त्यात.’ यात खोटं काय आहे?”

“अगं, ती बँकेचा रस्ता विचारत होती!”

“मला ठाऊक आहे हो. चौथ्या मजल्याला कुठे ठाऊक आहे?”

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“आणि कारण गुलदस्त्यात कशाला होतं?” काकूंनी सोडलं नाही. “दार समोर होतं, दाराला बेल होती. एकदा दाबायची होती, विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर बातमीच उरली नसती!” काका तावातावाने बोलून गेले.

आपल्या तोंडून काय निघून गेलं, ते आता काकांना स्वतःलाच ऐकू येत होतं. केवळ एक रकाना भरावा म्हणून त्यांनी एका बाईचं पाळणाघर रिकामं केलं होतं!

सकाळी उजाडताच ते खाली गेले आणि मधल्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पाळणाघरात आलेली माणसे रंगारी होती. कोणीही आजारी नाही. माझी चूक झाली.’

खोट्यावर जराही शंका न घेणारे लोक आता मात्र चिकित्सक झाले.

“काका, दबाव आला का हो?” दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी हळूच विचारलं.

“रंगारी?” तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भुवया उंचावून म्हणाल्या. “एकाएकी रंग? काय झाकायचं असेल बाई!”

काका हताश होऊन घरी परतले. “कोणी विश्वासच ठेवत नाही. खरं लिहिलं तर अळणी लागतंय लोकांना.”

“फळ्यावरचं तुम्ही पुसलंत. डोक्यातलं फडक्याने निघतं का?” काकू म्हणाल्या. “लिहिणं पुरे. आता चालू लागा.”

काका उठले, सुनेकडे गेले आणि हात पुढे केले. “दे तिला माझ्याकडे. तू ऑफिसला जा.”

सगळे कामावर निघतात त्या ऐन वेळी, गर्दीच्या जिन्यावरून, काका नातीला खांद्यावर बसवून उतरले. वाटेत प्रत्येक दाराची बेल वाजवत गेले. “मी नातीला पाळणाघरात सोडायला चाललोय. मीही तिथेच बसणार आहे. आत काय चाललंय ते बघायला या, फुकट आहे!”

कुतूहल ही मोठी गमतीची चीज आहे, मंडळी. लोक आले. आधी दारातून माना लांबवल्या, मग आत शिरले. भिंतीवर हत्ती होता, मगर होती, आणि एक जिराफ होता. त्याच्या मानेचा अंदाज चुकल्यामुळे रंगाऱ्याने ती छताशी वळवून खिडकीकडे नेली होती. रंगारी स्वतः स्टुलावर उभा राहून त्याचे कान रंगवत होता.

“तोंड का बांधलं होतंत हो त्या दिवशी?” वकिलांनी उलटतपासणी घेतली.

“भिंत खरवडताना धूळ नाकात जाते, साहेब. तुम्ही धरा खरवडायचा पत्रा, मी बघतो उभा राहून.”

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईही हसल्या आणि थोड्या वेळाने, विषयच नव्हता अशा चेहऱ्याने, आपल्या नातवाला घेऊन आल्या. दुपारपर्यंत आणखी मुलं आली. घरमालक तावातावाने आले, पण दहा बिऱ्हाडकरू एकदम बोलू लागल्यावर ‘मी आपलं सहज म्हटलं होतं’ असं पुटपुटत परतले. सगळीच मुलं परत यायला पुढे बरेच दिवस लागले. अफवा चढते भराभर, उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर बसते.

घरमालक गेल्यावर काका ताईंपुढे उभे राहिले. “ताई, माफ करा मला.”

ताई लगेच हसल्या नाहीत. “काका, माझ्या दाराला बेल आहे. ती वाजते,” एवढंच म्हणाल्या. मग सतरंज्या अंथरता अंथरता थांबल्या. “पोरांची झोपायची वेळ झालीय. गोष्ट सांगाल?”

“खरी सांगू की...” काकांनी चाचरत विचारलं.

“इथे हवी तेवढी थाप मारा. यांना चालते.”

काका भिंतीला टेकून बसले आणि मान वाकडी झालेल्या जिराफाची गोष्ट सांगू लागले. किती दिवसांनी त्यांनी मनसोक्त तिखटमीठ वापरलं, आणि कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही! नात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली.

तेव्हा नागरिक बंधुभगिनींनो, गोष्टीतल्या जिराफाबद्दल वाटेल ते सांगा. शेजारच्या जिवंत माणसाबद्दल मात्र एक शब्दही पुढे पाठवण्याआधी त्याच्या दाराशी जा आणि त्यालाच विचारा. विचारल्यावर बातमी उरली नाही, तर ती बातमी नव्हतीच. आणि सुखाने जगायचं म्हणाल, तर इमारतीतल्या प्रत्येकाला आपलं दार निर्धास्त उघडता येणं, याहून वेगळं सूत्र मला तरी सापडलेलं नाही.