निळा थेंब

थोरले जावई बिअरच्या कारखान्यात कामाला. कढईतल्या जवाच्या स्टार्चची साखर झाली की नाही, हे ते आयोडीनने तपासत. थेंब निळा-काळा पडला, की स्टार्च अजून शिल्लक. आयोडीनची ती बाटली खिशात घालून सासुरवाडीला जेवायला येण्याचं काही कारण नव्हतं. पण सासूबाई चारचौघांत त्यांना ‘आमचे बिअरवाले’ म्हणत, आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

जेवण होतं सासरे बरे झाल्याचं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना पातळ काही गिळता येईना, ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी सगळं दाट करून द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी वाटीच भिरकावली होती. “आजाऱ्याची पेज मी खाणार नाही. उपाशी मेलो तरी चालेल.” आणि आज हेच गृहस्थ सगळ्यांच्या पंगतीला बसून सगळ्यांचंच सूप पीत होते, एकदाही न खोकता.

“नुसती हाडं आणि मंद आच,” सासूबाई वाढताना म्हणाल्या. “दाटपणा आपोआप येतो.”

“आपोआप?” जावयांनी बशीत चमचाभर सूप घेतलं, फुंकून गार केलं आणि थेंब टाकला. बशी निळीशार झाली.

धाकटी मेहुणी फिदीफिदी हसली. “आई, पकडली गं तुझी चोरी.”

“कपड्यांच्या खळीला म्हणून माझ्याकडून जव नेलेत, ते इथे मुरले होय?” जावईही रंगात आले होते.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. भांडणात कुणाला हार न जाणारी बाई, पण चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे जावयांच्या डोक्यात उजेड पडला. लाजेने त्यांचे कान तापले. कुठून ही अवदसा आठवली, असं झालं त्यांना.

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. शेजारचा दुधाचा पेला त्यांनी सावकाश पुढे सरकवला.

“हे तासभर आटवलंय म्हणते ती. यातही टाका, जावईबापू.”

“आयोडीन संपलं,” जावई म्हणाले.

बाटली अर्धी भरलेली होती आणि ताटाशेजारीच उभी होती. सासऱ्यांनी आधी ती पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

“संपलं ना? मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी पेला परत ओढला आणि घोट घोट दूध पिऊ लागले. ठसका लागला नाही. पेला रिकामा होईपर्यंत जावयांनी मान वर केली नाही.